जायबंदी खेळाडू आणि संघाची वेतनमर्यादा

हॉकी हा शब्द कानीं पडतांच महाराष्ट्रांतील श्रोत्यांच्या मनांत मैदानी हॉकीचें चित्र उभें राहतें, आणि ध्यानचंदाचें नांव ओघानेंच येतें. प्रस्तुत विवेचनाचा विषय असलेली हॉकी मात्र निराळी. ती बर्फावर, पायांत पोलादी पात्यांचे जोडे घालून खेळतात, आणि तिचें माहेर कॅनडा. १९१७ सालीं माँट्रियल शहरीं स्थापन झालेली नॅशनल हॉकी लीग ही या खेळाची जगांतील सर्वांत धनाढ्य संस्था होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील २५ व कॅनडांतील ७ असे ३२ संघ तींत खेळतात. खेळ विलक्षण वेगाचा आणि अंगाशीं अंग भिडविण्याचा. टणक रबरी चकती गोळीसारखी सुटते. तेव्हां हाडें मोडणें, गुडघे दुखावणें, डोक्याला मार बसणें हें त्यांत नित्याचेंच. खेळाडू असा जायबंदी झाला म्हणजे त्याचें वेतन संघाच्या हिशेबाच्या वहींत कोठें मांडावयाचें, हा प्रश्न वरवर पाहतां निव्वळ कारकुनी वाटेल. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत निदान चार अजिंक्यपदांविषयीं जो वाद माजला, तो या एका कलमावरूनच.

या वहीचा जन्म एका टाळेबंदींतून झाला. खेळाडूंचीं वेतनें वाढत चाललीं, मोठ्या शहरांचे श्रीमंत संघ नामांकित खेळाडू पटकावूं लागले, आणि लहान शहरांच्या संघांना धंदा परवडेना, अशी मालकांची तक्रार होती. २००४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं दारें बंद केलीं. वाटाघाटी फिसकटल्या, २००४-०५ चा संबंध हंगाम वायां गेला आणि २००५ सालीं स्टॅन्ले चषक कोणाच्याच हातीं पडला नाहीं. शेवटीं खेळाडूंच्या संघटनेला मालकांची मुख्य मागणी मान्य करावी लागली. कोणत्याही संघानें वेतनावर ठराविक रकमेहून अधिक खर्च करावयाचा नाहीं, ही ती मागणी. या मर्यादेलाच सॅलरी कॅप म्हणतात. २००५-०६ सालीं ती ३ कोटी ९० लक्ष डॉलर होती. २०२४-२५ मध्यें ८ कोटी ८० लक्षांवर आणि २०२५-२६ मध्यें ९ कोटी ५५ लक्षांवर गेली. कमाल मर्यादेच्या जोडीला किमान मर्यादाही आहे. संघाला अगदींच हात आंखडून चालत नाहीं. या किमान मर्यादेनें एक चमत्कारिक बाजार उभा केला आहे, त्याची हकीकत पुढें येईल.

मर्यादेच्या हिशेबांत खेळाडूच्या हातीं त्या वर्षीं प्रत्यक्ष पडणारी रक्कम धरीत नाहींत. कराराच्या एकूण रकमेची वार्षिक सरासरी धरतात. माँट्रियलचा गोलरक्षक केरी प्राइस याचा करार आठ वर्षांचा व ८ कोटी ४० लक्ष डॉलरांचा होता. म्हणून वहींत त्याच्या नांवें दरसाल १ कोटी ५ लक्ष पडत, मग एखाद्या वर्षीं त्याला त्याहून कमी मिळोत कीं अधिक. दुसरी गोष्ट अशी कीं, हा हिशेब वर्षाअखेर एकदां होत नसून हंगामांत दररोज होतो. मॅट्रिकच्या वर्गांतील त्रैराशिक ज्याला आठवतें त्याला हें सहज उमजेल. एखाद्या संघानें हंगामाच्या आरंभापासून दरसाल १० लक्षांच्या मानानें जागा मोकळी ठेविली, तर हंगामाचा एक तृतीयांश भाग उरला असतां तो दरसाल ३० लक्षांचा खेळाडू घेऊं शकतो. कारण त्या खेळाडूचे उरलेल्या दिवसांपुरते १० लक्षच वहींत पडावयाचे. काटकसरी संघाची बचत अशी दिवसागणिक सांचत जाते.

आतां दुखापतीकडे वळूं. किरकोळ दुखापतीसाठीं साधी जायबंदी यादी आहे. तींत नांव घातलें म्हणजे खेळाडूनें निदान सात दिवस बाहेर बसावें. संघाच्या २३ जणांच्या चमूंत एक जागा रिकामी होते, पण वहींत एका कवडीचीही सूट मिळत नाहीं. आजाऱ्याचें वेतन मोजावयाचें व बदली खेळाडूचेंही मोजावयाचें. दुसरी यादी दीर्घकालीन जायबंदींची. खेळाडू निदान दहा सामने आणि चोवीस दिवस खेळूं शकणार नाहीं असें वैद्यकीय मत पडलें, तरच तींत प्रवेश मिळतो. खरी सवलत या दुसऱ्या यादींत आहे, आणि तिच्याविषयींच लोकांचा गैरसमज फार.

तो गैरसमज असा कीं, जायबंदी खेळाडूचें वेतन वहींतून पुसून टाकतात. तसें मुळींच नाहीं. २०२४-२५ अखेर चालत आलेल्या नियमाचें एक उदाहरण घेऊं. समजा, एका संघाच्या वेतनांची बेरीज ८ कोटी ७० लक्ष आहे. ८ कोटी ८० लक्षांच्या मर्यादेपर्यंत १० लक्षांची जागा उरली आहे. त्याच्या ९५ लक्षांच्या प्रमुख खेळाडूच्या गुडघ्याला जबर इजा झाली व तो दीर्घकालीन यादींत गेला. त्याचे ९५ लक्ष वहींत जसेच्या तसे राहतात. संघाला परवानगी मिळते ती मर्यादा ओलांडण्याची. आणि तीही सबंध ९५ लक्षांनीं नव्हे, तर त्यांतून शिल्लक जागेचे १० लक्ष वजा जातां ८५ लक्षांनीं. म्हणजे आधींचे १० आणि हे ८५ मिळून ९५ लक्षांचे बदली खेळाडू आणतां येतात, व बेरीज ९ कोटी ६५ लक्षांपर्यंत जाऊं शकते. ज्या संघापाशीं ९५ लक्षांहून अधिक जागा आधींच मोकळी आहे, त्याला या सवलतीचा कांहींही उपयोग नाहीं. ती कांठोकांठ भरलेल्या भांड्यासाठीं आहे. तिच्यापायीं एक तोटाही सोसावा लागतो. संघ या सवलतीवर चालत असेपर्यंत वर सांगितलेली दिवसागणिक बचत त्याच्या पदरीं पडत नाहीं. शिवाय ज्या दिवशीं आजारी गडी बरा होऊन परत येईल, त्या दिवशीं बेरीज पुन्हां मर्यादेच्या आंत आलीच पाहिजे. त्यासाठीं कोणाला तरी विकावें लागतें, किंवा खालच्या लीगमध्यें पाठवावें लागतें.

खेळाडूच्या दृष्टीनें पाहिलें तर या नियमामागील दया ध्यानांत येते. खेळतांना इजा झालेल्या गड्याला त्याचें वेतन पूर्ण मिळतें; जायबंदी आहे या सबबीवर त्याचा करार मोडतां येत नाहीं. आतां अशी सवलत नसती तर काय झालें असतें? लंगडा झालेला सोबती म्हणजे संघाच्या गळ्यांतील धोंडा. त्याच्या ९५ लक्षांची जागा अडलेली, बदली कोणी आणतां येत नाहीं, संघ हरतो आहे. अशा वेळीं व्यवस्थापक, प्रशिक्षक, फार काय सोबतीसुद्धां त्याच्याकडे डोळे लावून बसले असते, आणि अर्धवट जुळलेल्या हाडानिशीं तो पुन्हां बर्फावर उतरला असता. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूनें अशी घाई करणें किती घातक असतें, हें आतां सर्वांस ठाऊक आहे. त्याला स्वस्थ बरें होऊं द्यावें आणि संघाचाही खोळंबा होऊं नये, एवढाच या कलमाचा मूळ हेतु. हेतु चांगलाच होता.

जे पुन्हां कधींच बरे झाले नाहींत, त्यांच्या बाबतींत मात्र या कलमानें एक विचित्र अवस्था निर्माण केली. खेळाडूनें आपण होऊन निवृत्ति जाहीर केली तर उरलेल्या वर्षांच्या वेतनावर त्याला पाणी सोडावें लागतें. मग कोण कशाला निवृत्त होईल? फिलाडेल्फियाचा क्रिस प्राँगर याच्या डोळ्याला ऑक्टोबर २०११ मध्यें दुसऱ्याच्या काठीचा फटका बसला. त्यानंतर महिन्याभरांत त्याचा खेळ कायमचा थांबला. पण करार २०१७ पर्यंत होता. २०१४ सालीं तो लीगच्याच खेळाडू-सुरक्षा विभागांत नोकरीला लागला आणि २०१५ सालीं हॉकीच्या कीर्तिमंदिरांत त्याची प्रतिष्ठापना झाली. तरी कागदोपत्रीं तो खेळाडूच होता. त्याच २०१५ सालीं फिलाडेल्फियानें त्याचा करार अॅरिझोनाच्या संघाला देऊन टाकला. पुन्हां न खेळणारा गडी अॅरिझोनाला कशाला हवा होता? येथेंच किमान मर्यादेचें रहस्य उलगडतें. वहींत प्राँगरच्या नांवें सुमारें ४९ लक्ष डॉलर पडत. प्रत्यक्षांत त्याला द्यावयाची रक्कम दरसाल सहा लक्षांहूनही कमी उरली होती. गरीब संघाला थोडक्या पैशांत मोठा आंकडा दाखवितां येई. अॅरिझोनानें असे करार बरेच गोळा केले. २०२४ मध्यें त्या संघाचे खेळाडू व कारभार सॉल्ट लेक सिटीला गेला.

याहून गंमतीची हकीकत टोराँटोची. डेव्हिड क्लार्कसन या खेळाडूशीं त्या संघानें २०१३ मध्यें सात वर्षांचा भारी करार केला आणि लवकरच त्याला पश्चात्ताप झाला. वहींत दरसाल ५२ लक्ष ५० हजार पडत, आणि खेळ तेवढ्या मोलाचा होईना. इकडे कोलंबसच्या संघांत नेथन हॉर्टन पाठीच्या विकारानें कायमचा बसून होता. त्याच्या कराराला विमा नव्हता. बहुधा अशा वेळीं वेतनाचा मोठा हिस्सा विमा कंपनी सोसते, पण येथें सारें वेतन मालकाच्या खिशांतून जात होतें. फेब्रुवारी २०१५ मध्यें दोघांची अदलाबदल झाली. टोराँटोनें खेळणारा गडी देऊन न खेळणारा घेतला! कारण उघड आहे. क्लार्कसनच्या वेतनाला सवलत नव्हती. हॉर्टनच्या ५३ लक्षांना होती, आणि टोराँटोला पैशाची ददात नव्हती. पुढें क्लार्कसनचीही पाठ गेली. जुलै २०१९ मध्यें टोराँटोनें त्याचाही करार परत मिळविला, आणि एकमेकांच्या बदल्यांत दिलेले हे दोन गडी २०१९-२० च्या हंगामांत एकाच वहींत शेजारीं शेजारीं बसले. दोघांपैकीं एकालाही बर्फावर उतरावयाचें नव्हतें. दोघांची बेरीज १ कोटी साडेपांच लक्ष डॉलर.

हे करार बाजारांत फिरत राहिले तरी त्यांनीं कोणाचें फारसें नुकसान केलें नाहीं. खरा बोभाटा झाला तो बादफेरीमुळें. खेळाडूंचें वेतन साखळी सामन्यांच्या दिवसांवर वाटलेलें असतें. साखळी संपली कीं वेतनाचे दिवस संपतात, आणि दिवसच नाहींत तर दिवसाचा हिशेब कसला? म्हणून एप्रिलपासून पुढें, स्टॅन्ले चषकासाठीं जे दोन महिने झुंज चालते त्या काळांत, वेतनमर्यादा लागूच नव्हती. जायबंदी गडी मार्चमध्यें परत आला तर संघाला कोणाला तरी काढावें लागे. तोच एप्रिलांत बादफेरीच्या पहिल्या दिवशीं आला तर कोणालाही काढावें लागत नसे. त्याच्या सवलतीवर आणलेले नवे खेळाडूही संघांत, आणि तो स्वतःही संघांत.

२०१५ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या पॅट्रिक केनचें गळ्याजवळचें हाड मोडलें. त्याच्या ६३ लक्षांच्या सवलतीवर संघानें किम्मो टिमोनेन व आंत्वान व्हर्मेट यांना आणलें. केन बादफेरीच्या पहिल्याच सामन्यांत परतला आणि शिकागोनें चषक जिंकला. तेव्हां थोडी कुजबूज झाली. २०२१ सालीं मात्र तिचा गलबला झाला. टँपा बे संघाचा निकिता कुचेरोव्ह, वेतन ९५ लक्ष, याच्या खुब्यावर डिसेंबर २०२० मध्यें शस्त्रक्रिया झाली. महामारीमुळें ५६ सामन्यांवर आणलेल्या त्या हंगामांत तो एकही साखळी सामना खेळला नाहीं. मे महिन्यांत बादफेरीच्या पहिल्याच लढतींत त्यानें दोन गोल केले, आणि एकंदर ३२ गुणांसह सर्व खेळाडूंत तो अग्रेसर ठरला. त्याच संघानें हंगामाआधीं मॅरियन गॅबोरिक व अँडर्स निल्सन या दोन खेळूं न शकणाऱ्या गड्यांचे करार मुद्दाम मिळविले होते, तेही सवलतीचें भांडें मोठें करण्यासाठींच. जुलैमध्यें चषक जिंकल्यावर कुचेरोव्ह जो टी-शर्ट घालून मिरवला, त्यावर संघ मर्यादेहून १ कोटी ८० लक्ष डॉलर वर असल्याची फुशारकी छापलेली होती. विनोद म्हणून तो खपला. पण हरलेल्यांच्या जखमेवर मीठ चोळणें खेळाडूला शोभणारें नव्हे.

पुढें हें प्रतिवर्षींचेंच होऊन बसलें. वेगासच्या मार्क स्टोनच्या पाठीवर जानेवारी २०२३ च्या अखेरीस शस्त्रक्रिया झाली. तो बादफेरीला परतला आणि जूनमधील निर्णायक सामन्यांत त्यानें तीन गोल केले. २०२४ मध्यें त्याच स्टोनच्या प्लीहेला इजा झाली, संघानें अदलाबदलीच्या अखेरच्या तारखेच्या सुमारास टोमास हर्टल व नोआ हॅनिफिन असे मोठे खेळाडू आणले, आणि स्टोन पुन्हां पहिल्याच सामन्याला हजर झाला. यावेळीं मात्र वेगास पहिल्याच फेरींत गारद झालें; हिशेबानें चषक मिळतोच असें नाहीं. २०२५ मध्यें फ्लॉरिडाच्या मॅथ्यू कचकचें उदाहरण घडलें. फेब्रुवारींतील आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत तो जायबंदी झाला, संघानें सेथ जोन्स व ब्रॅड मार्शंड यांना मिळविलें, कचक बादफेरीच्या आरंभीं परतला आणि फ्लॉरिडानें चषक राखला.

या सर्वांत लबाडी कोठें होती? दुखापती खऱ्या होत्या. खुब्यावरची आणि पाठीवरची शस्त्रक्रिया कोणी हौसेनें करून घेत नाहीं. कुचेरोव्हच्या प्रकरणाची लीगनें चौकशी केली, आणि नियमभंग आढळला नाहीं. संशयाला जागा होती ती बरें होण्याच्या तारखेंत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत बरा होणारा गडी आणि तिसऱ्या आठवड्यांत बरा होणारा गडी यांत वैद्यालाही नेमका भेद करतां येत नाहीं. तेथें खेळाडूचें दुखणें आणि व्यवस्थापकाची सोय एकमेकांत मिसळून जातात. त्यांतून या खेळांत दुखापतींविषयीं मौन पाळण्याची जुनी चाल आहे. शरीराच्या वरच्या भागाची दुखापत किंवा खालच्या भागाची दुखापत, एवढेंच संघ सांगतात. शाळेंत विद्यार्थ्यानें अशी चिठ्ठी आणली तर कोणता मास्तर ती स्वीकारील?

२०२५ च्या उन्हाळ्यांत मालक व खेळाडू यांच्यांत नवा सामुदायिक करार ठरला. तो सप्टेंबर २०२६ पासूनचा असला तरी हीं दोन कलमें २०२५-२६ च्या हंगामापासूनच अमलांत आणलीं. पहिलें कलम असें कीं, जायबंदी गडी त्याच हंगामांत परतण्याचा संभव असेल तर सवलत त्याच्या सबंध वेतनाएवढी मिळत नाहीं. मागील हंगामाच्या सरासरी वेतनाएवढीच, म्हणजे सुमारें ३८ लक्ष डॉलर, मिळते. पूर्ण सवलत हवी असेल तर तो उरलेला हंगाम व बादफेरी दोन्हींत खेळणार नाहीं हें आधीं ठरवावें लागतें. दुसरें कलम बादफेरीचें. आतां प्रत्येक सामन्याला जे २० खेळाडू गणवेश चढवितात, त्यांच्या वेतनांची बेरीज मर्यादेंत बसली पाहिजे. सोडून दिलेल्या खेळाडूंचीं जुनीं देणींही त्यांत धरतात. सारे गडी एकाच वेळीं तंदुरुस्त झाले तर कोणाला बसवावयाचें, हें प्रशिक्षकाला खेळाइतकेंच बेरजेवरूनही ठरवावें लागतें.

आपल्याकडे इंडियन प्रीमियर लीगमध्यें याच धर्तीचा नियम होता आणि तो पुष्कळ सोपा होता. २०२५ सालीं चेन्नईचा कर्णधार, पुण्याचा ऋतुराज गायकवाड, कोपराच्या दुखापतीनें बाहेर पडला. त्याचें मानधन १८ कोटी रुपये. त्याच्या जागीं विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे ३० लक्षांत आला आणि वानखेडे मैदानावर पहिल्याच सामन्यांत १५ चेंडूंत ३२ धावा काढून त्यानें लक्ष वेधून घेतलें. बदली खेळाडूचें मानधन मूळ खेळाडूहून अधिक नसावें, आणि ज्याच्या जागीं बदली घेतला त्यानें त्या हंगामांत परत येऊं नये, एवढ्यावर हिशेब मिटला. दोन महिन्यांच्या स्पर्धेला तें जमतें. ऑक्टोबरापासून जूनपर्यंत चालणाऱ्या बर्फावरील हॉकींत मात्र फेब्रुवारींत मोडलेलें हाड एप्रिलांत खरोखरच जुळतें, आणि तेथें हा सोपा नियम खेळाडूच्या जिवावर येतो.

नव्या व्यवस्थेंत हाच कांटा उरला आहे. संघाला पूर्ण सवलतीचा मोह असणार. ती मिळण्यासाठीं गड्याचा हंगाम संपला असें ठरलें पाहिजे. तें ठरवितांना लीगप्रमाणेंच खेळाडूंच्या संघटनेचीही संमति लागते, हें ठीक झालें. कारण ज्याचें वय तिशीपलीकडे गेलें आहे त्या खेळाडूच्या आयुष्यांत चषकासाठीं झुंजण्याच्या संधी दोन-चारच येतात, आणि त्यांतील एक त्याला मार्चमध्येंच, खाटेवर पडल्या पडल्या, सोडून द्यावयाची असते. जे कायमचे बसले त्यांच्या करारांना या फेरबदलाचा धक्का लागला नाहीं. केरी प्राइस शेवटचा सामना एप्रिल २०२२ मध्यें खेळला; सप्टेंबर २०२५ मध्यें माँट्रियलनें त्याचा करार सॅन होजेच्या संघाकडे पाठविला. त्याच्या १ कोटी ५ लक्षांची नोंद २०२५-२६ च्या हंगामापुरती त्या दूरच्या शहराच्या वहींत गेली. त्या संघातर्फे तो एकही सामना खेळलेला नव्हता.